चाल कुणाची?

मी पियानोविषयी बोलणार आहे, हे ऐकून माझ्या ओळखीतले काही जण हसतील. हसू द्या. आयुष्यातली पन्नासएक वर्षं मी पियानो फक्त हिंदी सिनेमात पाहिला. नायिकेच्या वाढदिवसाला नायक त्या काळ्या पेटाऱ्यासमोर बसायचा, पाहुण्यांच्या हातात सरबताचे ग्लास असायचे आणि गाणं संपेपर्यंत नायिकेचे डोळे भरून यायचे. आम्ही मिरजेचे. आमच्याकडे तंबोऱ्यांसाठी भोपळे वाळत पडलेले असत. तारा छेडण्याचे आवाज दिवसभर कानांवर यायचे, म्हणून कान थोडाफार तयार झाला, एवढंच. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते पियानोच्या जाणकाराचं बोलणं नाही. नऊ वर्षांच्या नातीशेजारी बसून एका आजोबानं जे ऐकलं, तेवढंच आहे.

२०२५ च्या मार्च महिन्यात मी मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला होतो. रमजानचा महिना होता. नात तीन वर्षांपासून पियानो शिकते. तिच्या बाई साठीच्या पुढच्या, स्वतःच्या घराच्या तळघरात शिकवणी घेतात. दर शनिवारी दुपारी सात-आठ मुलं जमतात. मला कुणी नको म्हटलं नाही, म्हणून मीही मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचो.

अमेरिकेत मार्च हा स्त्रियांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. १९८७ साली तिथल्या काँग्रेसनं तसा ठराव केला. शाळांमधून भित्तिपत्रकं लागतात, भाषणं होतात. या बाईंनी वेगळं काही केलं. त्या महिन्यात शनिवार पाच आले होते. दर शनिवारी एका स्त्रीची रचना ऐकायची आणि रंगवायची, असा त्यांचा बेत होता. प्रत्येक मुलाला एक कागद दिला जायचा. डाव्या बाजूला त्या रचनाकार बाईंचा चेहरा, नुसत्या काळ्या रेषांत. उजवी बाजू कोरी, एका चौकटीत.

खरं सांगतो, कागद पाहून माझं मन थोडं खट्टू झालं. रंगवायला देणं ही पोरांना गप्प बसवायची जुनी युक्ती. आमच्या शाळेत मास्तरांना बैठकीला जायचं असलं की ते फळ्यावर आंबा काढून जायचे. इथंही तसंच असेल, असं वाटलं.

पण बाईंचे काही नियम होते. पहिल्यांदा डोळे मिटून ऐकायचं. दुसऱ्यांदा ऐकताना कोऱ्या चौकटीत रंग द्यायचा, वस्तू काढायची नाही. फूल नको, घर नको, सूर्य नको, नुसता रंग आणि रेषा. तिसऱ्यांदा रचना लावायची ती आपल्याच कागदावर बोट फिरवत. आणि मग शेवटी बाई नाव सांगणार. चेहरा रंगवायचा तो घरी जाऊन. म्हणजे आधी सूर, मग माणूस. हा क्रम मला आवडला. कवितेचंही असंच असतं. आधी ओळ लक्षात राहते, मग आपण विचारतो, कुणाची हो?

पहिल्या शनिवारी बाईंनी एक सूर लावला आणि मुलं खुसखुसायला लागली. सगळ्यांना तो ठाऊक होता. कुणाच्या खेळण्यातल्या संगीतपेटीत होता, कुणी आजीच्या घरी ऐकला होता. तैवानमधून आलेल्या एका मुलानं तर हात वर करून सांगितलं, ‘हे कचऱ्याच्या गाडीचं गाणं आहे.’ आम्हाला गंमत वाटली, पण ते खरं आहे. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी गल्लीत येते ती एक तर बेथोव्हेनची ‘फ्यूर एलिझं’ वाजवत किंवा हा सूर वाजवत. तो ऐकला की लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात. रचनेचं नाव ‘कुमारिकेची प्रार्थना’. वॉर्सा शहरात १८५६ साली ती छापली गेली, पुढे पॅरिसच्या एका संगीत-नियतकालिकातून आली आणि जगभर पसरली. दीडशेहून अधिक वर्षं पियानो शिकणाऱ्या मुली ती वाजवत आल्या आहेत. जिनं ती रचली, त्या तेक्ला बोंदाझेव्स्काचं नाव त्या खोलीत बाईंखेरीज एकालाही माहीत नव्हतं. ती १८६१ मध्ये वारली, तिशीच्या आसपास. शुक्र ग्रहावरच्या विवरांना स्त्रियांची नावं देतात, तसं एका विवराला तिचं नाव आहे. म्हणजे नाव थेट शुक्रावर पोचलं, गल्लीत मात्र आलं नाही.

इथं मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. आमच्या आईच्या तोंडी कितीतरी होत्या. कुणी रचल्या विचारलं, तर ‘बायांनी’ एवढंच उत्तर मिळायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या करताना गाणारणीचं नाव आणि गाव लिहून घेतलं. ओवी लिहून घेणारे अनेक झाले. नाव लिहून घ्यायचं भान मात्र फार थोड्यांना होतं.

तर नातीच्या कागदाकडे वळतो. त्या प्रार्थनेत एकच सूर पुन्हा पुन्हा येतो, दर खेपेला थोडा जास्त नटून. नातीनं पहिल्यांदा तो आला तेव्हा आकाशी पेन्सिल घेतली आणि आडवी रेघ ओढली. दुसऱ्यांदा आला तेव्हा तिचा हात आपोआप आकाशी पेन्सिलीकडेच गेला, रेघेला मात्र झालर लागली. तिसऱ्यांदा झालरीवर टिकल्या आल्या. मी टक लावून बघत राहिलो. रचनेचा बांधा तिला कुणी समजावून दिला नव्हता. पुस्तकात त्याला ‘विषय आणि त्याची रूपं’ असलं काही म्हणत असतील. तिनं ते हातानं ओळखलं. तीन मिनिटं एका जागी न बसणारी पोरगी, हाताला काम मिळालं म्हणून कान मोकळे ठेवून बसली होती. आपल्याकडे गोधडी शिवताना बायका गोष्टी ऐकतात, त्यातलाच हा प्रकार. फळ्यावरच्या आंब्याशी याचा काही संबंध नाही, हे मी त्या दिवशी मनातल्या मनात कबूल केलं.

दुसरा शनिवार ८ मार्चला आला. त्या दिवशी जी रचना लावली, ती ऐकताना पाण्याजवळ बसल्यासारखं वाटत होतं. बारीक सूर सतत धावतायत आणि त्यांच्याआड एक संथ गाणं चाललंय. नदी हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं, तरी आठांपैकी पाच कागदांवर निळा-हिरवा रंग होता. एका मुलानं मात्र पूर्ण चौकट तपकिरी केली. बाईंनी त्याला काही विचारलं नाही, मान डोलावली आणि पुढे गेल्या. मग सांगितलं की ही रचना म्हणजे ‘सप्टेंबर’. हिच्या मथळ्यात नदी आहे. आणि रचणारी फॅनी मेंडेल्सन, लग्नानंतरची फॅनी हेन्झेल, जन्म १८०५, मृत्यू १८४७.

फॅनीची ‘वर्ष’ नावाची माळ आहे. बारा महिन्यांच्या बारा रचना आणि शेवटी एक निरोपाची. ती तिनं १८४१ साली बर्लिनमध्ये लिहिली. तिचा नवरा विल्हेल्म हेन्झेल चित्रकार होता. दोघांनी मिळून या रचनांची एक देखणी प्रत तयार केली. दर महिन्याचा कागद वेगळ्या रंगाचा, सुरुवातीला कवितेच्या ओळी आणि नवऱ्यानं काढलेलं छोटं चित्र. म्हणजे सूर आणि रंग एका पानावर आणणं हे काही आजकालच्या शिकवण्यांचं फॅड नाही. फॅनीच्या घरात ते १८४१ मध्येच झालं होतं. फरक एवढाच की ती प्रत घरातच राहिली. ‘वर्ष’ छापलं गेलं ते १९८९ साली.

हे असं का झालं, याचं उत्तर तिच्या बालपणात आहे. तेरा वर्षांची असताना तिनं वडिलांसाठी बाखच्या चोवीस प्रस्तावना पाठ वाजवून दाखवल्या होत्या. घरातल्या कुणालाही तिच्या गुणांविषयी शंका नव्हती. तरी पुढे दोनच वर्षांनी वडिलांनी तिला पत्रातून बजावलं, की धाकट्या फेलिक्ससाठी संगीत हा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र ते शोभेपुरतंच असावं. फॅनीनं तरीही साडेचारशेहून अधिक रचना केल्या. रविवारी सकाळी तिच्या घरी मैफली होत आणि गावातले मोठे लोक ऐकायला येत. छापणं मात्र नाही. १८४६ साली, चाळिशी ओलांडल्यावर, तिनं स्वतःच्या हिमतीवर पहिल्या रचना स्वतःच्या नावानं छापल्या. पुढच्या मे महिन्यात घरच्या मैफलीची तालीम चालू असताना तिला झटका आला आणि ती गेली.

त्याआधी तिची सहा गाणी छापली गेली होती. ती फेलिक्सच्या नावावर होती. त्याच्या आठव्या आणि नवव्या संचात प्रत्येकी तीन. १८४२ साली फेलिक्स लंडनला राणी व्हिक्टोरियाच्या भेटीला गेला. राणीला गाण्याची हौस. तिनं त्याच्या संग्रहातलं आपलं आवडतं गाणं निवडलं, गायलं आणि ते नेमकं फॅनीचं निघालं. फेलिक्सला तिथं कबूल करावं लागलं, की बाईसाहेब, हे माझ्या बहिणीचं.

बाई ही गोष्ट सांगत होत्या आणि सगळी मुलं हसत होती. मला हसता आलं नाही.

श्रोतेहो, इथं माझं स्वतःचं थोडं सांगायला हवं. सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

माझी एक मोठी बहीण आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, ती घरी शिवणकाम करायची. मशीनच्या पायट्याची एक लय असते. सरळ शिलाईला सारखी चालते, कोपऱ्यावर थबकते, पुन्हा चालू होते. त्या लयीवर आपा गुणगुणत असायची. मी कॉलेजात होतो, कविता नुकत्याच सुटायला लागल्या होत्या. एक गीत लिहून मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘थांब, वाचू नकोस, हे असं म्हण.’ ब्लाउजच्या बाह्या शिवता शिवता तिनं त्याला चाल लावली. दोन दिवस माझ्याकडून घोटून घेतली.

ते गीत मी एका युवक महोत्सवात गायलो. पहिलं बक्षीस मिळालं, ढाल आणि एकावन्न रुपये. परीक्षकांनी मंचावरच विचारलं, ‘शब्द छान आहेत, पण चाल कुणाची?’ मी म्हटलं, ‘माझीच.’

का म्हटलं, ते आजही नीट सांगता येणार नाही. लबाडी करायची असं ठरवलं नव्हतं. ‘बहिणीची’ म्हटलं असतं तर लोक हसले असते, असंही नाही. तो शब्द तोंडातून निघून गेला, बस. पुढे ते गीत बऱ्याच ठिकाणी गायलो. एका छोट्या पुस्तिकेत ते छापून आलं, खाली ‘चाल : कवीची’ असं होतं. आपानं ती पुस्तिका पाहिली. ढाल तर तिनंच पुसून कपाटावर ठेवली होती. ती कधी काही बोलली नाही, आणि चाळीस वर्षांत मीही बोललो नाही.

फेलिक्सनं निदान राणीला सांगितलं. ते खरं तर त्याच्याही फारसं उपयोगी पडलं नाही. फॅनीनं १८२८ साली लिहिलेली एक मोठी सोनाटा अगदी परवापरवापर्यंत त्याचीच म्हणून ओळखली जात होती. १९७२ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका निघाली तीही फेलिक्सच्या नावानं. २०१० साली अँजेला मेस या अमेरिकन अभ्यासिकेनं मूळ हस्तलिखित तपासून दाखवलं, की हे अक्षर आणि ही रचना फॅनीची. २०१७ च्या ८ मार्चला ती लंडनहून रेडिओवर प्रसारित झाली, फॅनीच्या नावानं. रेडिओवर बोलतोय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी बाईंच्या यादीत खरं तर दुसरीच कुणीतरी होती. पण १३ मार्चला सोफिया गुबायदुलिना गेल्याची बातमी आली, आणि बाईंनी यादी बदलली. गुबायदुलिनांचा जन्म १९३१ चा, रशियातल्या तातार प्रदेशातला. आडनाव मी कागदावर वाचलं आणि थबकलो. हा तर आपला उबैदुल्ला. तातार लोकांच्या बोलीत त्याचा गुबायदुल्ला होतो. त्यांचे आजोबा मुल्ला होते. त्या स्वतः पुढे ख्रिस्ती धर्माकडे वळल्या. मॉस्कोत शिकत असताना परीक्षकांना त्यांची वाट चुकीची वाटत होती. शोस्ताकोविच मात्र त्यांना म्हणाले होते, की तुमच्या त्या चुकीच्या वाटेनंच पुढे जा. १९६९ साली त्यांनी मुलांसाठी पियानोच्या चौदा छोट्या रचना केल्या, ‘संगीताची खेळणी’. त्यात सुतारपक्षी आहे, घंटा लावलेली घसरगाडी आहे, ढोलवाला आहे, प्रतिध्वनी आहे.

बाईंनी ‘सुतारपक्षी’ लावला आणि खोलीत पेन्सिलींचा नुसता कडकडाट झाला. रंग भरणं राहिलं बाजूला, सगळी मुलं कागदावर ठिपके मारत सुटली. दोन टोकं मोडली. ‘प्रतिध्वनी’ला मात्र नातीनं जे केलं ते मला अजून दिसतं. तिनं लाल पेन्सिल दाबून एक ठसठशीत गोल काढला आणि मग कागद उलटा करून मागच्या बाजूनं, जिथं तो गोल पुसट उमटला होता, तिथं बोट ठेवलं. म्हणाली, ‘नाना, हा दुसरा.’ गेलेल्या माणसाचा शोक कसा करायचा हे त्या वयात कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. त्या दुपारी आठ मुलांनी त्या बाईंचा सूर ऐकला.

चौथा शनिवार रंगांच्या बाबतीत सगळ्यात बहारीचा होता. एमी बीच, जन्म १८६७, न्यू हॅम्पशरमधली. या बाईंना सूर ऐकला की रंग दिसायचे. लहानपणी त्या आईकडे हट्ट धरायच्या, ते गुलाबी गाणं वाजव, ते निळं वाजव. आपल्याकडे पेटीवर पट्ट्या सांगतात ना, पांढरी एक, काळी दोन, तशा भाषेत सांगतो म्हणजे पेटीवाल्यांना चटकन कळेल. पांढरी एक त्यांना पांढरीच दिसायची. पांढरी तीन पिवळी, पांढरी पाच लाल, पांढरी सहा हिरवी. काळी एक जांभळी, काळी दोन गुलाबी, काळी चार निळी. आणि काळी तीन, त्यातली उदास छटा, ती मात्र खरोखरच काळी. आता हे सगळ्यांना असंच दिसतं का? मुळीच नाही. रशियाचे रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनाही रंग दिसायचे, पण बीचबाईंची पिवळी पांढरी तीन त्यांना नीलमासारखी निळी दिसे. म्हणजे रंगाचं उत्तर बरोबर की चूक असं नसतं. तपकिरी रंगवणाऱ्या पोराला बाईंनी का टोकलं नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

एमी चार वर्षांची असताना आजोबांच्या शेतावर राहायला गेली. तिथं पियानो नव्हता. तिनं मनातल्या मनात तीन वॉल्ट्झ रचले आणि घरी आल्यावर वाजवून दाखवले. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा चोवीस वर्षांनी मोठा, बॉस्टनचा सर्जन. त्यानं जाहीर कार्यक्रम कमी करायला लावले, शिकवण्या करायच्या नाहीत असंही ठरलं. रचना मात्र कर म्हणाला. पण रचना शिकवायला गुरू नाही. मग बाईंनी फ्रेंच ग्रंथ स्वतः भाषांतर करून अभ्यासले. १८९६ मध्ये त्यांची सिंफनी बॉस्टनच्या वाद्यवृंदानं वाजवली. अमेरिकन स्त्रीची सिंफनी एखाद्या मोठ्या वाद्यवृंदानं वाजवण्याचा तो पहिला प्रसंग. छापील नाव असायचं ‘मिसेस एच. एच. ए. बीच’. ती आद्याक्षरं नवऱ्याची. बॉस्टनला नदीकाठी एक खुलं संगीतगृह आहे, त्यावर शहाऐंशी रचनाकारांची नावं कोरलेली होती, सगळे पुरुष. २००० साली त्यात एमी बीच हे नाव घातलं गेलं. सत्त्याऐंशीवं.

नातीनं त्या दिवशी कागदावर नवऱ्याची तिन्ही आद्याक्षरं लिहिली आणि त्यांवर गुलाबी रंग घासला, एवढा की ती दिसेनाशी झाली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा शनिवार फ्लॉरेन्स प्राइस यांचा. १८८७ साली आर्कान्सा राज्यात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाई. १९३३ मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदानं त्यांची सिंफनी वाजवली. पियानो शिकणाऱ्या मुलांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिलं. १९४३ मध्ये एका बड्या वाद्यवृंद-संचालकाला पत्र लिहिताना त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की माझ्या दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काळ्यांचं रक्त आहे. १९५३ मध्ये त्या वारल्या. २००९ साली इलिनॉय राज्यातल्या सेंट ॲन गावात एका जोडप्यानं पडकं घर दुरुस्तीला काढलं. आत कागदांचे गठ्ठे. प्राइसबाईंचं ते एकेकाळचं उन्हाळी घर. दोन व्हायोलिन कन्चेर्टोंसकट कितीतरी रचना तिथं धूळ खात पडल्या होत्या. छपराला भोक पडलेलं होतं. अजून दोन-चार पावसाळे गेले असते तर काय राहिलं असतं?

मला या सगळ्या प्रकाराबद्दल एक शंकाही आहे, ती लपवत नाही. मार्च संपला की हे कागद फाइलीत जातात. एप्रिलपासून पुन्हा बाख, मोझार्ट, बेथोव्हेन. बायकांसाठी वेगळा कप्पा करून ठेवला की उरलेल्या कपाटाकडे बघायला नको, असं होऊ शकतं. हे मी बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंही. त्यांनी वाद घातला नाही. जूनच्या कार्यक्रमासाठी प्रत्येक मुलानं या पाचांपैकी एकीची एक रचना निवडायची, एवढं फळ्यावर लिहिलं. नातीनं एमी बीच यांच्या मुलांसाठीच्या संचातला वॉल्ट्झ घेतला. तो जुलैमध्येही तिच्या बोटांत होता, हे मला फोनवर ऐकू आलं.

कुणाच्या घरी मूल पेटी, कीबोर्ड, सतार काहीही शिकत असेल, तर हे करून बघा. पियानोच पाहिजे असं नाही. तीन मिनिटांहून लांब रचना घेऊ नका. सहा पेन्सिली पुष्कळ झाल्या. ‘हे काय काढलंयस?’ असं मात्र विचारू नका, मूल लगेच घर आणि डोंगर काढायला लागतं. नाव शेवटी सांगा, पण सांगायला विसरू नका. आणि रचना बाईचीच ऐकवायची तर फार लांब जायची गरज नाही. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ची गाणी ज्यांनी बांधली त्या सरस्वतीदेवी, म्हणजे मुंबईच्या खोर्शेद होमजी, यांचं नाव आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे?

त्या शेवटच्या शनिवारी घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिकडे ईद ठरली होती. इफ्तारला पाऊण तास होता. नात फ्लॉरेन्सबाईंचा चेहरा रंगवत बसली होती. मी म्हटलं, ‘एक कागद कोरा दे. मी एक चाल म्हणतो, तू रंग दे.’ मी चाळीस वर्षांपूर्वीचं ते गीत गुणगुणलो. तीनदा. तिनं केशरी घेतला, मग करडा, मग परत केशरी. मग नियमाप्रमाणे विचारलं, ‘आता नाव सांगा.’

मी नाव सांगितलं. आपाचं पूर्ण नाव, लग्नाआधीचं आणि नंतरचंही. तिनं ते इंग्रजीत लिहिलं, स्पेलिंग मला विचारून.

मग म्हणाली, ‘त्यांचा चेहरा कुठाय? रेषांचा?’

मुलीनं फोन लावून दिला. आमच्याकडे सूर्य बुडत होता, आणि इचलकरंजीत पहाटेचे पावणेपाच. आपाची सहेरी चालू होती. तिचा एक रोजा अजून बाकी होता. व्हिडिओवर तिचा चेहरा दिसला, मागे ते जुनं मशीन झाकून ठेवलेलं. आम्ही घरात दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. मी म्हटलं, ‘आपा, त्या गाण्याची चाल तुझी होती. मी कधी कुणाला सांगितलं नाही.’

ती पोळीचा तुकडा हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, ‘कुठलं गाणं?’ मी म्हणून दाखवलं. तिसरी ओळ आली तशी तिनं मला थांबवलं.

‘हे चुकतंय तुझं. मी तिसरी ओळ वर ठेवली होती. तू खाली उतरतोस. तेव्हापासून असंच म्हणतोयस का?’

आणि तिनं ती ओळ म्हटली. आवाज आता बसलाय, तरी ओळ वर गेली. माझ्या शेजारी नातीनं करडी पेन्सिल खाली ठेवली आणि डब्यात दुसरी शोधायला लागली. आपा म्हणाली, ‘परत म्हणते, पण लवकर, मला अजून पाणी प्यायचंय.’